‘विज्ञानाने सिद्ध झाले’ म्हणण्याआधी : प्रीप्रिंट, आर्यांचा डीएनए आणि आपण



सुरुवात माझ्याच चुकीने करतो. एप्रिल २०१८ मध्ये माझ्या मोबाइलवर एक लिंक आली. खाली एकच ओळ होती : आर्य बाहेरूनच आले, विज्ञानाने सिद्ध. मी लिंक उघडली नाही. ओळ वाचली, आनंद झाला आणि दहा-बारा गटांवर ती पुढे ढकलली. त्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात हेच मोठ्या आवेशात सांगितले. मागच्या रांगेत आमच्या वस्तीतले एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “हे छापून आलंय कुठं? तपासलंय कुणी?” मी म्हणालो, “गुरुजी, हार्वर्डचं आहे.” ते म्हणाले, “मी कुणाचं आहे ते नाही विचारलं.”

माझ्याकडे उत्तर नव्हते.

दीड वर्षाने, सप्टेंबर २०१९ मध्ये, नेमका उलटा संदेश फिरू लागला : आर्य स्थलांतराचा सिद्धांत खोटा, राखीगढीच्या डीएनएने सिद्ध. या वेळी तो दुसऱ्या छावणीतून आला होता. पुढे ढकलणाऱ्यांनी मूळ लेख वाचलेला नव्हता. म्हणजे ‘विज्ञानाने सिद्ध’ हे शब्द ते जसे वापरत होते तसेच आपणही वापरत होतो. कालपर्यंत ‘शास्त्रात लिहिले आहे’ म्हणून आपले तोंड बंद केले जायचे. आता आपणच ‘पेपरमध्ये लिहिले आहे’ म्हणून दुसऱ्याचे तोंड बंद करणार असू, तर आपण पोथी बदलली, पोथीनिष्ठा सोडली नाही.

म्हणून हा लेख. २०१८ चा तो दस्तऐवज ‘प्रीप्रिंट’ होता. प्रीप्रिंट म्हणजे काय, त्यावर किती विसंबावे आणि आपल्या चळवळीने त्याच्याकडे कसे पाहावे, हे जरा मुळापासून पाहू.

तपासणीची पद्धत किती जुनी?

संशोधक शोधनिबंध लिहितो आणि नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे देतो. ते चुका काढतात, शंका विचारतात, दुरुस्त्या सुचवतात. याला पिअर रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात. यात महिने जातात, कधी वर्षे जातात. या परीक्षणाआधीच जो मसुदा संशोधक स्वतः सर्वांसाठी खुला करतो, तो प्रीप्रिंट.

तज्ज्ञ-परीक्षण ही विज्ञानाइतकीच जुनी परंपरा आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ मध्ये सुरू झाले तेव्हा काय छापायचे हे संपादक ठरवत असे. ‘नेचर’सारख्या नामांकित नियतकालिकाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी सरसकट बंधनकारक केली ती १९७३ मध्ये. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा प्रसिद्ध लेख ‘नेचर’मध्ये अशा परीक्षणाविनाच छापला गेला होता.

प्रीप्रिंटही इंटरनेटचे अपत्य नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६१ पासून जीवशास्त्रज्ञांचे गट करून त्यांना अप्रकाशित मसुदे टपालाने पाठवायला सुरुवात केली होती. नियतकालिके बिथरली. असे आधी फिरवलेले लेख आम्ही छापणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि १९६७ मध्ये तो प्रयोग बंद पडला. भौतिकशास्त्रात मात्र मसुदे टपालाने फिरतच राहिले. पण कोणाकडे? मोठ्या विद्यापीठांतल्या ओळखीच्या प्राध्यापकांकडे. ज्याची ओळख नाही, जो लहान गावातल्या महाविद्यालयात आहे, त्याला तेच ज्ञान छापून आल्यावर, महिन्यांनी मिळे. हा अग्रहारच होता, फक्त जानव्याशिवायचा.

ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामोसच्या पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने संगणकावर एक साठा सुरू केला. कोणीही मसुदा उतरवून घ्यावा, तोही सर्वांना एकाच दिवशी. तोच पुढे ‘अर्काइव्ह’ झाला. जीवशास्त्रासाठी २०१३ मध्ये ‘बायोअर्काइव्ह’ आणि वैद्यकासाठी २०१९ मध्ये ‘मेडअर्काइव्ह’ सुरू झाले. इथेही दारावर कोणीच नसते असे नाही. लेख विषयाला धरून आहे का, अगदीच भाकडकथा नाही ना, एवढी वरवरची चाळणी असते. पण निष्कर्ष बरोबर आहे याची हमी कोणी घेत नाही.

१९३६ : दारातून परत आलेले दोन मजकूर

परीक्षण चांगले की वाईट, असा प्रश्न विचारणे चूक आहे. कोण, कशासाठी आणि कशाच्या आधारावर तपासतो, हा खरा प्रश्न आहे. एकाच वर्षी घडलेल्या दोन घटनांवरून तो स्पष्ट होतो.

१९३६ मध्ये आइनस्टाइन यांनी नेथन रोझेन या सहकाऱ्यासह ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक लेख पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकाने तो एका तज्ज्ञाला दाखवला. तज्ज्ञाने सविस्तर आक्षेप लिहून पाठवले. आइनस्टाइन संतापले. छापण्याआधी आमचा लेख दुसऱ्याला दाखवायची परवानगी कोणी दिली, असे विचारत त्यांनी लेख परत घेतला. पण चूक खरोखरच होती. काही महिन्यांनी ती त्यांच्या लक्षात आली आणि १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात निष्कर्ष बदलून लेख छापला गेला. त्या लहरी २०१५ मध्ये उपकरणांनी प्रत्यक्ष टिपल्या. जगातला सर्वांत मोठा शास्त्रज्ञ चुकला होता आणि तो अनाम परीक्षक, जो पुढे एच. पी. रॉबर्टसन असल्याचे उघड झाले, बरोबर होता.

दुसरी घटना आपल्याला पाठ आहे, पण या अंगाने आपण ती क्वचित पाहतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. त्यांनी भाषण लिहिले आणि ते मुंबईत छापून घेतले. भाषण होण्याआधीच मंडळाच्या लोकांनी मजकूर पाहिला आणि एप्रिल १९३६ मध्ये पत्र आले : वेदांचा उल्लेख टाळा, हिंदू धर्माच्या उच्छेदाविषयीचा भाग गाळा. बाबासाहेबांनी एकही शब्द बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली.

आता फरक पाहा. रॉबर्टसनने दाखवले की तुमच्या गणितात इथे चूक आहे. मंडळाने एकही चूक दाखवली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की हे आमच्या लोकांना झेपणार नाही. पहिले आहे परीक्षण, दुसरी आहे मुस्कटदाबी. दोन्ही एकाच दारावर, एकाच सभ्य भाषेत होऊ शकतात. म्हणूनच ज्यांच्या हातात दार नसते त्यांनी दोन्हींतला फरक ओळखायला शिकले पाहिजे.

बाबासाहेबांनी यानंतर जे केले ते जास्त महत्त्वाचे आहे. त्यांनी भाषण स्वतः प्रसिद्ध केले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यातच छापला. इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली. १९३७ च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही परिशिष्टात घातले. मूळ मजकूर, आक्षेप आणि उत्तर एकाच पुस्तकात, निर्णय वाचकाकडे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा प्रीप्रिंट नव्हे, ते भाषण आहे, हे मला कळते. पण दारवानाला ओलांडून लोकांसमोर जायचे आणि तरीही टीकेपासून पळायचे नाही, ही शिस्त तिथे आहे. प्रीप्रिंट टाकणारे आज ज्या ‘खुल्या परीक्षणा’चा अभिमान सांगतात, त्याचा हा आपल्या घरातला नमुना आहे.

सतरा महिन्यांत काय बदलले?

आता त्या डीएनएच्या लेखाकडे येऊ.

३१ मार्च २०१८ रोजी वाघीश नरसिंहन, डेव्हिड राइश आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांचा मसुदा बायोअर्काइव्हवर आला. दक्षिण आणि मध्य आशियातील लोकसमूह कसे घडले, हा त्याचा विषय. ३६२ प्राचीन माणसांच्या अवशेषांतून मिळालेली जनुकीय माहिती त्यात होती. मुख्य निष्कर्ष असा : युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील, म्हणजे स्टेपमधील पशुपालकांचा वंशवारसा सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासानंतर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, दक्षिण आशियात आला.

तोच लेख तज्ज्ञ-परीक्षण होऊन सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापला गेला. मध्ये सतरा महिने गेले. या काळात काय झाले?

नमुने ३६२ वरून ५२३ झाले. सिंधू संस्कृतीच्या लोकांशी नाते सांगणारे जे अवशेष इराण व तुर्कमेनिस्तानातील स्थळांवर सापडले होते, ते तीनवरून अकरा झाले. स्टेपविषयीचा मुख्य निष्कर्ष टिकला, पुरावा अधिक भक्कम झाला. पण एक महत्त्वाचा भाग बदलला. प्रीप्रिंटमध्ये सिंधू लोकांच्या वारशातला एक मोठा भाग इराणच्या शेतकऱ्यांशी जोडला होता. राखीगढीचा पुरावा आल्यावर दिसले की ही शाखा शेती सुरू होण्याआधीच इराणच्या शाखेपासून वेगळी झाली होती. म्हणजे इराणहून शेतकऱ्यांच्या मोठ्या लोंढ्याने येऊन इथे शेती आणली, हे चित्र टिकले नाही.

मग प्रीप्रिंट विश्वासार्ह होता की नव्हता? एका वाक्यात उत्तर नाही. एक दावा टिकला, एक सुधारला. विश्वास दस्तऐवजावर घाऊक ठेवायचा नसतो, दाव्यागणिक ठेवायचा असतो.

गंमत पुढे आहे. त्याच आठवड्यात ‘सेल’ या नियतकालिकात राखीगढीचा लेख आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे माजी कुलगुरू वसंत शिंदे त्याचे प्रमुख लेखक. हा लेख रीतसर परीक्षण झालेला होता. हरियाणातल्या राखीगढीत सापडलेल्या एका स्त्रीच्या अवशेषांत स्टेपचा वारसा नाही, एवढे त्याने दाखवले. पण दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत सांगण्यात आले की आर्यांच्या आगमनाचा सिद्धांत मोडीत निघाला. आता तुम्हीच विचार करा. ती स्त्री सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातली. स्टेपचे लोक त्यानंतर आले, असे तर ‘सायन्स’चा लेख म्हणतो. मग तिच्यात तो वारसा नसणार हे उघड आहे! पेशव्यांच्या दप्तरात रेल्वेचे तिकीट सापडले नाही म्हणून भारतात रेल्वे आलीच नाही, असे म्हणण्यासारखे हे झाले. विशेष म्हणजे शिंदे ‘सायन्स’च्या लेखाचेही सहलेखक आहेत.

म्हणजे इथे परीक्षण न झालेला मसुदा बऱ्याच अंशी खरा ठरला आणि परीक्षण झालेल्या लेखाच्या नावावर लेखात नसलेली गोष्ट लोकांच्या गळी उतरवली गेली. पत्रकार परिषदेचे परीक्षण कोणीच करत नाही.

आणि आपण काय ऐकले?

दुसऱ्यांचे झाले. आता आपले.

आपल्या गटांवर या लेखाचा अर्थ असा फिरला : सवर्ण परके, आपण शुद्ध मूलनिवासी. लेखात असे कुठेही नाही. लेखानुसार आजच्या बहुतेक सर्व भारतीय समूहांत वारशांचे मिश्रण आहे. काही ब्राह्मण समूहांत स्टेपचा वाटा तुलनेने जास्त दिसतो, हे खरे. पण तो प्रमाणातला फरक आहे, शुद्ध आणि भेसळ असा नाही. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले होते की उत्तर आणि दक्षिणेकडच्या पूर्वज-समूहांचे मोठे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले आणि ते भिल्ल, चांभार, कळ्ळर अशा समूहांपर्यंत पोहोचले होते. नंतर हे मिसळणे थांबले. लोक आपापल्या गटातच लग्ने करू लागले.

हे वाचताना मला ९ मे १९१६ आठवतो. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातींवर निबंध वाचला. वर्षभराने तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला. त्यात त्यांनी मांडले की भारतातले लोक वंशाने मिश्रच आहेत आणि जातीचे मूळ वंशात नसून अंतर्विवाहात, म्हणजे गटातच लग्न करण्याच्या सक्तीत आहे. जात हा दरवाजा बंद करून घेतलेला वर्ग आहे. त्या काळी रिस्ली यांच्यासारखे अधिकारी नाकाची रुंदी मोजून जातीचा वंश ठरवत होते. रिस्ली १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. त्यांचे ग्रंथ छापील होते, सरकारी होते, प्रमाण मानले जात होते आणि तरी चुकीचे होते. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी घुर्ये यांच्या पुस्तकातली तशाच मोजमापांची आकडेवारी घेतली आणि तिच्यावरूनच दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. निष्कर्ष बाजूला ठेवून मूळ आकडे स्वतः तपासायचे, हे काम तेव्हाही करता येत होते.

इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण अप्रामाणिक होईल. १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’मध्ये बाबासाहेबांनी आर्य बाहेरून आल्याचा सिद्धांत नाकारला होता. त्यांच्यासमोर तेव्हा भाषा आणि वैदिक वाङ्मयाचा पुरावा होता, प्राचीन डीएनए नव्हता. आजचा पुरावा स्टेपकडून लोक आल्याचे सांगतो. म्हणजे या एका मुद्द्यावर आजचा पुरावा बाबासाहेबांच्या मताच्या विरुद्ध जातो आणि जात म्हणजे वंश नव्हे, या त्यांच्या मुख्य सिद्धांताला धक्का लागत नाही. हे दोन्ही आपल्याला एका श्वासात म्हणता आले पाहिजे. ज्यांनी ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेतच आपल्या प्रमेयाला अंतिम म्हणण्याचा मोह टाळला, त्यांना आपण अंतिम ठरवणे हा त्यांचा सन्मान नाही.

आणि समजा, उद्या एखाद्या पेपरने सिद्ध केले की सगळे इथलेच. मग काय आपला समतेचा दावा खोटा ठरेल? चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क आपण हाडांची चाचणी दाखवून मागितला नव्हता. माणूस म्हणून मागितला होता. आपले हक्क जनुकांवर टांगून ठेवाल, तर पुढचा पेपर येईपर्यंतच ते टिकतील.

महामारीने दोन्ही बाजू दाखवल्या

एखादा म्हणेल, मग परीक्षण झालेलेच वाचावे, प्रीप्रिंट नकोच. करोनाच्या वर्षाने या सोप्या उत्तराचीही वाट लावली.

जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांचा मसुदा बायोअर्काइव्हवर आला. नव्या विषाणूत आणि एचआयव्हीत चमत्कारिक साम्य असल्याचा त्याचा दावा होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी काही तासांत दाखवले की असे छोटे तुकडे इतर असंख्य जीवांतही सापडतात. दोन-तीन दिवसांत लेखकांनी मसुदा मागे घेतला. पण विषाणू प्रयोगशाळेत बनवल्याची अफवा तोवर जगभर पोहोचली होती, ती कोणी मागे घेणार नव्हते.

त्याच वर्षी २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर मोठा अभ्यास छापला. रीतसर परीक्षण झालेला. त्याच्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. माहिती पुरवणाऱ्या कंपनीने मूळ आकडे दाखवायला नकार दिला आणि ४ जूनला लेख रद्द झाला. उलट, डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध श्वास कोंडलेल्या रुग्णांचे जीव वाचवते, हा ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जूनमध्येच प्रीप्रिंटच्या रूपाने खुला झाला. नियतकालिकात तो जुलैमध्ये आला. त्या काही आठवड्यांत किती खाटांवर किती माणसे होती, याची कल्पना करा.

मग आपण काय करायचे?

प्रीप्रिंट आपल्यासाठी मोलाचा आहे, कारण तो फुकट आहे. बड्या नियतकालिकांचा एकेक लेख विकत घ्यायला हजारो रुपये पडतात. सरकारने २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणले, पण ते सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. संस्थेबाहेरचा कार्यकर्ता, नोकरी करून शिकणारी मुलगी, शिक्षण संपल्यावर वसतिगृह सोडलेला पोरगा यांच्यासाठी ते दार अजून बंद आहे. प्रीप्रिंटचे उघडे आहे. उघड्या दारातून आत जायचे, पण डोळे उघडे ठेवून.

प्रीप्रिंट हातात आला की आधी तारीख आणि आवृत्ती पाहा. बहुतेक साठ्यांवर जुन्या आणि नव्या आवृत्त्या शेजारी दिसतात. तो नंतर कुठे छापला गेला का, हे त्याच पानावर बहुधा नोंदलेले असते. छापला गेला असेल तर दोन्ही काढून काय बदलले ते पाहा. मागे घेतला असेल तर तेही लिहिलेले असते. नमुने किती, एक सांगाडा की पाचशे, हे शोधा. मूळ आकडे दाखवलेत का, ते पाहा. त्यावर कोणी आक्षेप घेतला आणि लेखकांनी काय उत्तर दिले, ते वाचा. बातमीचा मथळा आणि लेखाचा सारांश शेजारी ठेवा. आणि सर्वांत अवघड : जो निष्कर्ष वाचून आपल्याला आनंद झाला, तो दुप्पट तपासा. इंग्रजी अडले तर गटाने बसून वाचा. एका रविवारी एक लेख पुरे.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मी दीड वर्षाने दिले. २०१९ च्या हिवाळ्यात दोन्ही आवृत्त्यांच्या झेरॉक्स घेऊन विहारात गेलो आणि वर्गासमोर आधी हे सांगितले की मागच्या वेळी मी न वाचता बोललो होतो. गुरुजी पुढच्या रांगेत येऊन बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, “हां, आता वाच.” त्या दिवशी आम्ही चार तास वाचले आणि लेख अर्धाच झाला. उरलेला पुढच्या रविवारी संपवला.

जय भीम.